‘उंदरांवर प्रयोग यशस्वी’ म्हणजे नेमकं काय? मावशीचा एक फोन आणि वेदनाशामक औषधांची गोष्ट

सांगलीहून मावशीचा फोन आला तेव्हा मी डेस्कवर होतो. एरवी ती रात्री जेवणं उरकल्यावर फोन करते. त्या दिवशी सकाळी अकरालाच केला. “अरे, तू ते गुडघ्याच्या औषधाचं लिहिलं होतंस ना? ते मिळतंय का रे तिकडं पुण्यात?”

कोणतं औषध, हेच मला आठवेना. शोधलं तेव्हा सापडलं. काही महिन्यांपूर्वी एका वनस्पतीच्या अर्काने सूज उतरते, अशी बातमी मी वीस मिनिटांत उभी केली होती. मथळा होता: ‘गुडघेदुखीला रामराम? संशोधकांना सापडला उपाय’. ‘उंदीर’ हा शब्द चौथ्या परिच्छेदात होता. मोबाइलवर तिथपर्यंत जायला दोन जाहिराती ओलांडाव्या लागतात. मावशी तिथपर्यंत गेली नव्हती. बहुतेक वाचक जात नाहीत, हे आम्हाला डेस्कवर रोज आकड्यांत दिसतं.

गोष्ट इथेच संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली. कुठल्याशा कॅप्सूलची. त्यात माझ्याच बातमीच्या मथळ्याचा स्क्रीनशॉट होता आणि खाली ‘संशोधनाने सिद्ध’. ती कॅप्सूल मावशी तीन महिने घेत होती. आणि फारच दुखलं की मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, ‘अर्धीच घेते रे’ म्हणत. तिला रक्तदाबाचा त्रास आहे. नंतर तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी ती गोळी आणि कॅप्सूल दोन्ही थांबवली.

मी इंजिनीअर आहे. यंत्राचा दोष शोधायचा तर आधी ते यंत्र कसं चालतं ते बघायचं, एवढं तरी चार वर्षांत शिकलो. म्हणून हा खटाटोप. वेदनाशामक औषधांचे प्राण्यांवरचे प्रयोग नेमके कसे होतात, त्यातून काय कळतं, काय कळत नाही आणि ‘यशस्वी’ या शब्दाचा अर्थ कुठे सुरू होतो, कुठे संपतो?

सूज येते तेव्हा होतं काय?

पाय मुरगळला, दाढ सुजली, सांधा झिजला की त्या जागी रक्तप्रवाह वाढतो, जागा गरम होते, लाल होते, फुगते आणि दुखते. याला वैद्यकीय भाषेत दाह म्हणतात आणि त्यातून होणाऱ्या वेदनेला दाहजन्य वेदना. यात एक वेगळेपण आहे. सुजलेल्या जागी नुसता कपडा घासला तरी कळ येते. म्हणजे नुसती इजा दुखत नाही, तिथल्या मज्जातंतूंची संवेदनशीलताच वाढलेली असते. अलार्मचा सेन्सर जरुरीपेक्षा जास्त संवेदनशील करून ठेवला की मांजर गेलं तरी वाजतो, तसं.

हा सेन्सर वाढवणाऱ्या रसायनांमध्ये प्रोस्टाग्लँडिन्स महत्त्वाची. पेशींमधलं ‘कॉक्स’ नावाचं एन्झाइम ती तयार करतं. अ‍ॅस्पिरिन १८९९पासून बाजारात होती, पण ती काम कशी करते हे सत्तर वर्षं कुणालाच नीट माहीत नव्हतं. १९७१मध्ये लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन्सची निर्मितीच रोखते. त्यासाठी त्यांनी वापरली होती गिनी पिगची फुप्फुसं. १९८२चं नोबेल पारितोषिक व्हेन यांना दोन स्वीडिश संशोधकांबरोबर मिळालं. आज आपल्या औषधांच्या डब्यातल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक या गोळ्या मुख्यतः याच मार्गाने काम करतात.

तेव्हा पहिली गोष्ट मान्य करू. प्राण्यांवरच्या प्रयोगांशिवाय ही समज आपल्याकडे आली नसती. या लेखात त्या प्रयोगांवर टीका आहे, पण ती हे कर्ज मान्य करून आहे.

उंदराचा पंजा आणि आर्किमिडीज

सूज उतरवणारं नवं औषध तपासायची सगळ्यात प्रचलित पद्धत १९६२ची आहे. अमेरिकेतल्या मर्क कंपनीतल्या विंटर आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. कॅरॅजीनन नावाचा पदार्थ असतो, लाल समुद्री शेवाळापासून काढलेला. आइस्क्रीम घट्ट ठेवायलाही तो वापरतात. त्याचं पातळ द्रावण, साधारण ०.१ मिलिलिटर, उंदराच्या मागच्या पंजात टोचतात. तीन ते पाच तासांत पंजा चांगलाच सुजतो. काही उंदरांना आधी औषध दिलेलं असतं, काहींना नसतं. मग दोन्ही गटांतल्या सुजेची तुलना.

सूज मोजायची पद्धत तर शाळेतलीच. पंजा द्रवात बुडवायचा आणि किती द्रव बाजूला सरला ते बघायचं. आर्किमिडीजचा नियम. साठ वर्षांहून अधिक काळ ही पद्धत टिकली, कारण ती सोपी आहे, स्वस्त आहे आणि आकडा चटकन देते.

इथे भाषेची एक अडचण आहे. इंग्रजीत रॅट वेगळा आणि माउस वेगळा. आपल्याकडे दोघंही उंदीर. प्रयोगशाळेत मात्र हे दोन निराळे प्राणी आहेत, वजनात साधारण दहापटीचा फरक असलेले. बातमीत हा फरक आम्ही जवळपास कधीच सांगत नाही. पंजाची ही चाचणी मुळात रॅटवरची.

आपल्या देशात ही चाचणी विशेष लाडकी. इथल्या फार्मसी कॉलेजांमधून कितीतरी वनस्पतींच्या अर्कांवर ती झाली आहे. त्यातलं एक जुनं आणि गाजलेलं काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतलं. १९७३मध्ये श्रीमल आणि धवन यांनी हळदीतल्या कर्क्युमिनमुळे कॅरॅजीननची सूज उतरते, असं दाखवलं. हळदीची बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सांगलीतल्या माझ्या मावशीला हे ऐकून आनंद झाला असता. पण पुढचं वाक्य तितकंच महत्त्वाचं. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी पोचतं. माणसांवर झालेल्या काही छोट्या चाचण्यांत गुडघेदुखीला थोडा आराम दिसला, हेही खरं. पण पन्नास वर्षं झाली, तरी ‘पंजाची सूज उतरली’ ते ‘गुडघेदुखीचं खात्रीचं औषध’ हा रस्ता पूर्ण झालेला नाही. माझ्या मथळ्याने तो वीस मिनिटांत पूर्ण केला होता.

उंदीर ‘दुखतंय’ म्हणत नाही

सूज मोजता येते. वेदना कशी मोजणार?

माणसाला डॉक्टर विचारतात, “शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” उंदराला विचारता येत नाही. म्हणून संशोधक त्याच्या हालचालीवरून अंदाज बांधतात. एका पद्धतीत ठरावीक जोराला वाकणारे नायलॉनचे तंतू पंजाच्या तळव्याला टेकवतात आणि उंदीर कितव्या तंतूला पाय मागे घेतो ते पाहतात. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ फॉन फ्राय यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. तेव्हा ते प्राण्यांचे केस वापरत. दुसऱ्या, १९८८च्या पद्धतीत काचेखालून पंजावर उष्ण किरण सोडतात आणि पाय किती सेकंदांत हलला ते मोजतात.

यातली गोम लक्षात आली का? दोन्हीकडे मोजली जाते ती प्रतिक्षिप्त क्रिया. तव्याला हात लागला की आपण आधी हात ओढतो, ‘आई गं’ नंतर येतं. मावशीची वेदना मात्र वेगळी आहे. रात्री कूस बदलताना जाग येणं, जिना बघून वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे न जाणं, मांडी घालून पूजेला बसता न येणं. वेदना हा शारीरिक तसाच भावनिक अनुभव आहे, असं वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही आपल्या व्याख्येत सांगते. पाय किती सेकंदांत हलला, यात हा अनुभव मावत नाही.

संशोधकांना हे कळत नाही असं अजिबात नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१०मध्ये उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी तयार केली. डोळे किती मिटले, कान कसे वळले, गाल आणि नाक कसं फुगलं, मिशा कशा झाल्या. दुखणारा उंदीर चेहरा वेडावाकडा करतो, आपल्यासारखाच.

याच गटाने २०१४मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. खोलीत पुरुष संशोधक असला तर त्याच्या वासानेच उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. स्त्री संशोधक असेल तर तसं होत नाही. म्हणजे त्या दिवशी प्रयोग कोणी केला, यावरही आकडा हलू शकतो. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये आम्ही रीडिंग जुळली नाहीत तर मीटरला दोष द्यायचो. इथे मीटर जिवंत आहे आणि त्याला वास येतो.

आणखी एक त्रुटी. मोगिल आणि चंदा यांनी २००५मध्ये ‘पेन’ या नियतकालिकातले आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे शोधनिबंध पाहिले. ७९ टक्के प्रयोग फक्त नरांवर झाले होते. २०१५मध्ये उंदरांवरच्याच अभ्यासातून दिसलं, की जुनाट वेदना टिकवून ठेवणाऱ्या पेशी नर आणि मादीत वेगळ्या असू शकतात. जुनाट दुखण्याच्या रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण अधिक असतं. गुडघ्यांवर हात ठेवून उठणाऱ्या आपल्या आया, मावश्या, आज्या. आणि त्यांच्यासाठीच्या औषधांची पहिली पायरी वर्षानुवर्षं नर उंदरांवर बांधली जात होती.

पंजा ते गुडघा: पूल कुठे तुटतो?

चार उदाहरणं. प्रत्येक ठिकाणी पूल वेगळ्या जागी तुटला.

पहिलं, सब्स्टन्स पी. वेदनेचा निरोप पुढे नेणारं हे रसायन अडवलं तर प्राण्यांच्या वेदनेची लक्षणं कमी होत होती. नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी त्यावर भरपूर पैसा लावला. माणसांवरच्या चाचण्यांत वेदना हटेना. त्याच वर्गातलं एक औषध, अ‍ॅप्रेपिटंट, पुढे वेगळ्याच कामी आलं: केमोथेरपीनंतरची मळमळ थांबवायला. इथे प्राणी आणि माणूस यांच्यातच फरक निघाला.

दुसरं, व्हायॉक्स, म्हणजे रोफेकॉक्सिब. सूज उतरते, पोटाला त्रास कमी, म्हणून १९९९मध्ये अमेरिकेत मोठ्या अपेक्षेने बाजारात आलं. दावा खोटा नव्हता. सूज खरोखरच उतरत होती. पण अठरा महिन्यांहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढल्याचं एका चाचणीत दिसलं आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. भारतानेही त्याच वर्षी बंदी घातली. पंजाची सूज काही तासांत मोजून होते. माणूस गुडघ्याची गोळी वर्षानुवर्षं घेतो. इथे फरक काळाचा होता.

तिसरं, टॅनेझुमॅब. मज्जातंतूंच्या वाढीशी संबंधित एक प्रथिन अडवणारं इंजेक्शन. प्राण्यांत ही कल्पना चालली, माणसांतही वेदना कमी झाली. मात्र काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजू लागले. मार्च २०२१मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला. गंमत बघा, हेच प्रथिन अडवणारी इंजेक्शनं आज संधिवात असलेल्या मांजरांसाठी आणि कुत्र्यांसाठी मंजूर आहेत. अमेरिकेत ती २०२२ आणि २०२३मध्ये मंजूर झाली. आपण नेहमी ‘प्राण्यावर तपासलं, माणसाला दिलं’ असं ऐकतो. इथे माणसांसाठी अडलेली कल्पना प्राण्यांच्या कामी आली.

चौथं उदाहरण सगळ्यात वाईट. जानेवारी २०१६, फ्रान्समधलं रेन शहर. वेदनेसह काही आजारांवर उपयोगी पडेल अशा आशेने एक औषध निरोगी स्वयंसेवकांना दिलं जात होतं. आधी उंदीर, कुत्री आणि माकडांवर चाचण्या होऊन गेल्या होत्या. वरच्या डोसच्या गटातल्या एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि त्याच गटातल्या इतरांनाही रुग्णालयात हलवावं लागलं.

या चार गोष्टींवरून ‘प्राण्यांवरचे प्रयोग बोगस असतात’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर ती माझ्या त्या मथळ्याइतकीच घाई होईल. प्रयोगाने त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. आपण मात्र न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही त्याच्याच नावावर खपवली.

गिधाडांनी शिकवलेला धडा

‘न विचारलेला प्रश्न’ किती महागात पडतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच आकाशात होतं.

डायक्लोफिनॅक माणसांसाठी वापरात होतं. पुढे ते गुरांच्या सुजेवर आणि लंगडण्यावरही स्वस्त उपाय म्हणून दिलं जाऊ लागलं. गुरांना आराम पडत होता. पण औषध दिल्यावर थोड्याच काळात मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या अभ्यासातून हे शोधून काढलं. तो निबंध २००४मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तोवर भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२च्या तुलनेत ९९ टक्क्यांहून अधिक घटण्याच्या वाटेवर होती. गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागेवरची गिधाडं आमच्या पिढीने फक्त आजोबांच्या बोलण्यात ऐकली.

२००६मध्ये सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. २०२३मध्ये गुरांसाठीचं कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही बंद झालं.

पण या गोष्टीत दुसरा धडाही आहे. गुरांना पर्याय कोणता द्यायचा? मेलॉक्सिकॅम हे उत्तर कसं मिळालं? ते गिधाडांनाच देऊन पाहिलं गेलं. आधी दक्षिण आफ्रिकेतल्या, मग आपल्याकडच्या पिंजऱ्यातल्या गिधाडांना, अतिशय जपून. त्यांना ते बाधलं नाही. म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगानेच प्राण्यांना वाचवायचा मार्ग दाखवला. योग्य प्राणी, योग्य प्रश्न.

मग हे प्रयोग बंद करायचे का?

कॉमेंटमध्ये हा प्रश्न येणारच, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. आज सरसकट बंद करता येणार नाहीत. पण आज जसे आणि जितके होतात, तसे आणि तितके चालू ठेवायलाही माझा पाठिंबा नाही.

वेदनेच्या संशोधनात एक पेच आहे, जो इतर संशोधनात इतका बोचत नाही. वेदना अभ्यासायची तर ती आधी निर्माण करावी लागते. म्हणूनच १९८३मध्ये वेदना अभ्यासकांच्या संघटनेने आचारसंहिता केली, तेव्हा त्यात एक साधी पण जबरदस्त सूचना घातली: शक्य असेल तिथे संशोधकाने ती वेदना आधी स्वतःवर अनुभवून बघावी. त्याआधी, १९५९मध्ये रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वं मांडली होती. प्राण्याला पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांचा त्रास कमी करा. भारतात १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आणि १९९८चे नियम आहेत. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय प्रयोग करता येत नाही.

पर्यायही पुढे येत आहेत. मानवी पेशी चिपवर वाढवून औषधाची चाचणी करणं, संगणकीय मॉडेल वगैरे. अमेरिकेने २०२२च्या अखेरीस कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. भारतानेही २०२३मध्ये औषध चाचण्यांचे नियम बदलून अशा पद्धतींना जागा दिली. पण चिपवरच्या पेशी लंगडत नाहीत आणि रात्री जाग्या होत नाहीत. त्यामुळे हा बदल हळूहळूच होणार.

एक वाट माणसापासून सुरू होते. उत्तर पाकिस्तानातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, हातात सुरी खुपसून दाखवायचा आणि त्याला वेदना होत नसे. त्याच्या नात्यागोत्यातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून २००६मध्ये कळलं, की वेदनेचा संदेश वाहणाऱ्या सोडियमच्या एका वाहिनीचं जनुकच त्यांच्यात काम करत नाही. त्या वाहिनीवरची औषधं अजून फळाला आलेली नाहीत. पण तिच्या एका भावंड-वाहिनीला लक्ष्य करणारं सुझेट्रिजिन हे औषध जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी मंजूर झालं. अफूच्या वर्गातलं नाही आणि कॉक्सवर काम करणारंही नाही.

माझं म्हणणं एवढंच. जो प्रयोग करायचा तो नीट करा: नर आणि मादी दोन्ही घेऊन, कोणत्या उंदराला औषध दिलंय हे मोजणाऱ्याला कळू न देता, पुरेशा काळासाठी. आणि फसला तरी छापा. फसलेला प्रयोग कपाटात गेला की दुसऱ्या शहरातली दुसरी लॅब तोच प्रयोग पुन्हा करते आणि तेवढेच उंदीर पुन्हा वेदना सोसतात. आधीच सिद्ध झालेली गोष्ट केवळ प्रबंध पुरा करायचा म्हणून आणखी एका अर्कावर करणं, याला संशोधन म्हणायचं की सराव, हे आपल्या कॉलेजांनी एकदा ठरवावं.

डोसचं गणित, आणि वाचताना पाहायच्या पाच गोष्टी

जाहिरातवाले आकडे फिरवतात म्हणून एक हिशेब समजून घ्या. समजा, रॅटला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला. साठ किलोच्या माणसाला थेट गुणून १२ ग्रॅम द्यायचा? नाही. लहान प्राण्याच्या शरीरात औषध वेगाने वापरलं जातं, म्हणून अमेरिकी औषध प्रशासनाच्या मार्गदर्शक सूत्रानुसार रॅटच्या डोसला ६.२ने भागतात, माउसच्या डोसला १२.३ने. म्हणजे किलोमागे साधारण ३२ मिलिग्रॅम, एकूण सुमारे १.९ ग्रॅम. तोही पहिल्या चाचणीचा अंदाज बांधण्यासाठी. सुरुवातीचा डोस त्याहूनही कितीतरी कमी ठेवतात. आता हातातल्या कॅप्सूलवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा. बऱ्याचदा ‘संशोधन’ एका डोसचं आणि विक्री दुसऱ्याच डोसची असते.

पुढच्या वेळी अशी बातमी आली की हे पाच प्रश्न विचारा:

१. प्रयोग कुणावर झाला? पेशींवर, माउसवर, रॅटवर की माणसांवर?

२. काय मोजलं? पंजाची सूज, पाय मागे घेण्याची वेळ की रुग्णाने सांगितलेली वेदना?

३. किती काळ? चार तास, चार आठवडे की चार वर्षं?

४. तुलना कशाशी? नुसत्या पाण्याशी की आज उपलब्ध असलेल्या चांगल्या औषधाशी?

५. हे सांगणारा काही विकतोय का?

यातल्या एकाचंही उत्तर बातमीत नसेल तर ती बातमी अर्धी आहे. मग ती माझी का असेना.

शेवटी, आमच्याबद्दल

जेम्स हीथर्स नावाच्या एका संशोधकाने २०१९मध्ये ट्विटरवर एक खातं सुरू केलं. वैद्यकीय बातम्यांचे मथळे उचलायचे आणि वर एवढंच लिहायचं: ‘उंदरांमध्ये’. लोक हसले, पण मुद्दा पोचला. पुढे अल्झायमरवरच्या निबंधांच्या एका अभ्यासातून दिसलं, की शीर्षकात ‘उंदीर’ नसलेल्या निबंधांना माध्यमांत जास्त प्रसिद्धी मिळते. म्हणजे उंदीर लपवला की क्लिक वाढतात. आम्ही डेस्कवाले यात निरागस नाही.

मी स्वतःपुरता एक नियम केलाय. प्राण्यांवरचा प्रयोग असेल तर प्राण्याचं नाव मथळ्यात, पहिल्या पाच शब्दांत. क्लिक कमी होतात. होऊ देत. ज्या उंदराने पंजा सुजवून घेतला, त्याचं नाव तरी खरं लागलं पाहिजे. आणि मथळा वाचून ज्या बाईने कॅप्सूल मागवली, तिला ती कोणासाठी चालली होती हे मागवण्याआधी कळलं पाहिजे.

जुन्या बातमीचा मथळाही मी बदलला. खाली दुरुस्तीची ओळ टाकली. स्क्रीनशॉट मात्र बदलता येत नाही, तो अजून फिरतोय.

तुम्हाला गुडघेदुखी असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: मेडिकलमधून स्वतःहून कोणत्या गोळ्या घेता, आणि कोणत्या ‘नैसर्गिक’ कॅप्सूल. विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. ‘अर्धीच घेते’ हेही सांगायचं असतं.

मावशीचं क्रिएटिनिन आता खाली आलंय. फिजिओथेरपिस्टने दिलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम ती कुरकुरत का होईना, करते. परवा पुन्हा फोन आला. कुणीतरी तेल पाठवलं होतं, ‘शास्त्रज्ञांनी शोधलेलं’. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “थांब, आधी सांग, उंदरावर का माणसावर?”